काकांचं सीमोल्लंघन

दोन देश एकमेकांना खेटून असतात ते केवळ आमच्या काकांना एकातून दुसऱ्यात पाऊल टाकता यावं एवढ्यासाठीच, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. देशच कशाला, दोन राज्यं, दोन गावं, झालंच तर दोन शेजाऱ्यांची हिरवळ, जिथे म्हणून एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथे काका आपोआप थबकतात, चेहरा गंभीर करतात, शर्टाची वरची गुंडी लावतात आणि मग उजवा पाय पुढे टाकतात. काका माझे कुणी सख्खे नव्हेत. आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला घर घेतलं तेव्हा ते मागच्या रस्त्यावर राहत होते, एवढंच नातं. सामानाचा ट्रक दारात उभा असताना हे गृहस्थ काकूंनी दिलेला पोह्यांचा डबा हातात धरून आमच्या गवताच्या कडेला बराच वेळ उभे होते. मला वाटलं रस्ता चुकलेत. मी जवळ गेलो तर म्हणाले, "येऊ का हद्दीत?" आत आल्यावर त्यांनी माझं गाव विचारलं. मी पुणे म्हणालो. पुण्यात कुठे, तर कोथरूड. मग कोथरूडची वेस कुठे आहे हे त्यांना हवं होतं. मी आयुष्यात प्रथमच या प्रश्नावर विचार केला आणि बस डेपोचं नाव सांगितलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं तशी करुणा माझ्या वाट्याला व्हिसाच्या रांगेतसुद्धा आली नव्हती.

काका मूळचे कागलकडच्या एका खेड्यातले. घराच्या माळवदावर उभं राहिलं की पलीकडच्या राज्यातला ऊस दिसायचा, असं ते सांगतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिव्हिल इंजिनियर म्हणून अमेरिकेत आले आणि रिटायर होईपर्यंत रस्तेच करत राहिले. रस्ते करणाऱ्या माणसाला रस्त्यापेक्षा तो जिथे दुसऱ्याच्या ताब्यात जातो ती जागा जास्त आवडावी, हा काय प्रकार आहे मला आजवर कळलेला नाही. गाडीत डोळे मिटून बसलेले असले तरी राज्य बदललं की त्यांना कळतं. "आवाज बदलला बघ डांबराचा," म्हणून उठून बसतात. एकदा मी मुद्दाम गाडीतली गाणी मोठी केली आणि इंडियानात गुपचूप शिरायचा प्रयत्न केला. काका घोरत होते. पाटी मागे गेली तसं घोरणं थांबलं आणि डोळे न उघडताच त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. असं चोरासारखं कुणाच्या हद्दीत शिरत नसतात, हे त्यानंतर पुढच्या गॅस स्टेशनपर्यंत मला ऐकावं लागलं.

या सगळ्या वेडाचं मूळ दसऱ्यात आहे. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं म्हणजे सकाळी पूजा, दुपारी श्रीखंड, आणि संध्याकाळी जमलं तर कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चक्कर. काकांना हे मान्य नाही. वेस ओलांडायची म्हणजे ओलांडायची, पलीकडच्या माणसाला सोनं द्यायचं आणि परत यायचं. त्यामुळे दर दसऱ्याला, मग तो आठवड्याच्या मधल्या वारी का असेना, काका आम्हा पाच-सहा घरांतल्या मंडळींना ऑफिसातून लवकर काढून विस्कॉन्सिनच्या सीमेपर्यंत घेऊन जातात. पुढे काकांची जुनी व्हॅन, मागे आमच्या गाड्या, काकांच्या डोक्याला भगवा फेटा. आपट्याचं झाड इलिनॉयात कुठून मिळणार? त्यावर काकांनी परसात रेडबडचं झाड लावलं आहे. त्याची पानं बदामाच्या आकाराची, साधारण आपट्याच्या चुलत घराण्यातली, आणि ऑक्टोबरात ती खरोखरच पिवळीधमक होतात. "आपल्याकडं हिरव्या पानाला सोनं म्हणावं लागतं, इथं म्हणावं लागत नाही," हे वाक्य दर वर्षी होतं. सीमेपलीकडच्या विश्रांतिस्थळावर आम्ही एकमेकांना पानं देतो, गळ्यात पडतो, आणि तिथले ट्रकवाले हातातली कॉफी थांबवून बघत राहतात. त्यातल्या एकालाही काकांनी सोनं दिल्याशिवाय सोडलेलं नाही.

आता एवढं सगळं करणाऱ्या माणसाचं एक सोनं मात्र कित्येक वर्षं द्यायचं राहून गेलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना एक थोरले भाऊ, दादा. लहानपणी दसऱ्याला पहिलं पान दादांच्या हातावर ठेवायचं आणि पाया पडायचं, हा नियम. दादा काकांच्याही आधी देश सोडून जर्मनीत कारखान्यात शिकायला गेले, तिथून स्वित्झर्लंडला, तिथेच लग्न केलं आणि सरोवराकाठच्या एका गावात स्थायिक झाले. वडील गेले तेव्हा काका शिकागोहून धावत पोचले आणि दादा, का कोण जाणे, आले नाहीत. काकांनी फोनवर त्यांना नको ते बोलून घेतलं. दादांनी फोन ठेवला. त्यानंतर दोघांपैकी कुणीही तो पुन्हा उचलला नाही. काकू अधूनमधून खुशाली कळवायच्या, कारण त्यांची गोष्ट वेगळी होती. काकांच्या वतीने काकूंना बघायला दादाच रजेवर आलेले असताना गेले होते. काका तेव्हा अमेरिकेत. "मला पसंत केलं ते दादांनी, यांनी नुसतं लग्न केलं," असं काकू चारचौघांत सांगतात आणि काका छताकडे बघतात.

दोन हजार पाच सालची गोष्ट. उन्हाळ्यात दादांच्या बायकोचा काकूंना फोन आला. दादांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. काठी धरून चालत होते, बोलत होते, पण विमानात बसायची बंदी होती, आणि त्यांनी धाकट्याची आठवण काढली होती. काकूंनी विचारलं, फोन देऊ का? तर दादांचा निरोप आला की फोनबिन नको, धाकट्याने घरी यायचं असतं. काका हे ऐकून दोन दिवस नकाशे काढून बसले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. आम्ही दोघं त्या ऑक्टोबरात युरोपला जायचा बेत करत होतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एवढंच विचारलं की दसरा तिकडे केला तर चालेल का. माझी बायको नागपूरची, ती लगेच म्हणाली, "चालेल काय काका, धावेल." इथून पुढे आमच्या सहलीत आमचं असं काही उरलं नाही.

साधा माणूस असता तर झुरिचला उतरून तासाभरात भावाच्या दारात उभा राहिला असता. पण दादांच्या पायाशी जायचं ते विमानातून टपकून नव्हे, वेशी ओलांडत जायचं, असं काकांनी ठरवलं. फ्रँकफर्टला उतरायचं, आगगाडीने जर्मनीच्याच कडेच्या आखेनला, तिथून बसने हॉलंड, आगगाडीने बेल्जियम, लक्झेंबर्ग, परत जर्मनी, मग भाड्याची गाडी घेऊन फ्रान्सला स्पर्श करून पुन्हा जर्मनीत सरोवराकाठी कॉन्स्टान्झ, आणि दसऱ्याच्या दिवशी तिथून चालत स्वित्झर्लंड. नकाशावर ही रेघ कुणी झोपेत काढल्यासारखी दिसत होती. काकांकडे अमेरिकन पासपोर्ट, त्यांना कसलाच व्हिसा नको. काकूंनी भारतीय पासपोर्ट आजतागायत सोडलेला नाही. एका घरात एक तरी माणूस आपलं असावं म्हणतात. आमचे दोघांचेही पासपोर्ट भारतीयच, त्यामुळे आम्हा तिघांना व्हिसे लागणार होते, तेही दोन-दोन, कारण स्वित्झर्लंड तेव्हा बाकीच्या देशांच्या सामायिक व्यवस्थेत नव्हतं. काकूंचे दोन्ही काकांनी स्वतः काढले आणि "स्विस व्हिसा वेगळा लागतो हे मला आधी कळलं की तुला?" म्हणून मला महिनाभर चिडवून घेतलं.

पण युरोपाने काकांची पहिल्याच दिवशी घोर निराशा केली. आखेनहून हॉलंडला जाणारी बस म्हणजे अगदी साधी शहरातली बस होती, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि शाळेची पोरं यांनी भरलेली. काकांनी ड्रायव्हरला सांगून ठेवलं की सरहद्द आली की सांग. ड्रायव्हर विचारात पडला. तो रोज त्या रस्त्याने जात होता, पण सरहद्द नक्की कुठे येते याकडे त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं. बाजूच्या बाईला विचारलं, तिने आणखी एकीला विचारलं, आणि बसभर चर्चा होऊन असं ठरलं की ती बहुतेक मागेच गेली. काका वरची गुंडी लावून, एका हाताने दांडी धरून दारात उभे होते. तसेच उभे राहिले. "आपल्याकडं तालुका बदलला तरी नाक्यावर बांबू आडवा असतोय," ते खिन्नपणे म्हणाले. मग आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो, चालत जर्मनीत परत गेलो, आणि काकांच्या मनाचं समाधान होईल अशा एका दगडाशी सीमा आहे असं मानून, उजवा पाय पुढे टाकून, हॉलंडमध्ये रीतसर दाखल झालो.

तिथून जवळच एका टेकडीवर तीन देशांचा एक खांब आहे. जर्मनी, बेल्जियम आणि हॉलंड एकाच जागी मिळतात. तिथे काकांची अवस्था देवळात आल्यासारखी झाली. त्यांनी बूट काढले नाहीत हेच नशीब. खांबाला हात लावला आणि प्रदक्षिणा सुरू केली. एका फेरीत तीन देश. चौथ्या-पाचव्या फेरीला मागे काही म्हाताऱ्या डच बायका हसत हसत रांगेत सामील झाल्या, त्यांच्या मागे एक कुत्रा, आणि बघता बघता तिथे एक छोटी यात्राच भरली. काकू बाकावर बसून केळं खात होत्या. अख्ख्या आयुष्यात एवढ्या प्रदक्षिणा यांनी कुठल्या देवाला घातल्या नाहीत, असं त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं आणि सालं टाकायला बेल्जियममध्ये गेल्या.

आगगाडीत काकांचा वेगळा नियम होता. सीमा येण्याआधी बूट घालून, पाठ ताठ ठेवून बसायचं आणि खाणं थांबवायचं. तोंडात घास घेऊन दुसऱ्याच्या देशात जाणं त्यांना असभ्य वाटे. बेल्जियमहून लक्झेंबर्गला जाताना डोंगर, झाडी, नदी, सगळं इतकं सुंदर होतं की माझी बायको खिडकीला चिकटली होती, आणि काका मात्र माझ्या फोनकडे बघत होते. कारण देश बदलला की फोनवर नव्या कंपनीचा स्वागताचा संदेश येतो हा शोध त्यांना लागला होता. त्या सबंध खंडात त्यांच्या येण्याची दखल घेणारं तेवढंच एक होतं. फोन वाजला की ते समाधानाने मान हलवत आणि काकूंनी मघापासून धरून ठेवलेला चिवडा एकदाचा तोंडात पडत असे.

परत जर्मनीत येऊन ट्रिअरला आम्ही भाड्याची गाडी घेतली, आणि मला वाटतं त्या काउंटरवरची पाच-दहा मिनिटं काकांच्या त्या सहलीतली सगळ्यात सुखाची. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, गाडी कुठल्या कुठल्या देशात नेणार? इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं. काकांनी टेबलावर कोपर टेकून यादी सुरू केली, क्रमाने, कुठल्या रस्त्याने आणि का, हे सगळं सांगत. मुलगी ऐकत राहिली. गाडी ऑटोमॅटिक नव्हती. मी अमेरिकेतच गाडी शिकलेला, डाव्या पायाला काम असतं हे मला नुसतं ऐकून माहीत. त्यामुळे चालवायचे काका, ज्यांनी क्लच शेवटचा दाबला तो कोल्हापुरात सरकारी जीपचा. पहिले दोन चौक आम्ही बेडकासारखे उड्या मारत पार केले. मग त्यांचा पाय बसला आणि ते गाऊ लागले.

फ्रान्सच्या हद्दीवर जुनी कस्टमची चौकी अजून उभी होती, पण रिकामी. काचा धुळीने भरलेल्या, आत एक उलटी खुर्ची. सगळ्या गाड्या भरधाव जात होत्या. काकांनी गाडी बाजूला घेऊन त्या खिडकीसमोर उभी केली, आमचे चारही पासपोर्ट काढून खिडकीच्या कठड्यावर नीट रचले आणि थांबले. किती वेळ थांबायचं असतं याचा त्यांचा काही हिशेब असावा. मग पासपोर्ट गोळा केले, "मर्सी" म्हणून खिडकीचे आभार मानले आणि गाडीत येऊन बसले. मी हसत होतो. काकू हसत नव्हत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "परवा दादांसमोर जायची भीती बसलीय रे त्यांना. म्हणून हे सगळं चाललंय." मी आरशात पाहिलं तर काकांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

दसऱ्याच्या सकाळी कॉन्स्टान्झच्या हॉटेलात काका पहाटेपासून तयार होते. कोट, त्यावर मफलर, डोक्याला फेटा. काकूंनी जरीची साडी आणि खाली लोकरीचे मोजे घातले होते. त्यांच्या हातात कडाकण्यांचा डबा. नवरात्रात आमच्याकडे करतात तशा गोड, कडक पुऱ्या, दादांना लहानपणापासून आवडणाऱ्या, नेपरव्हिलच्या ओट्यावर लाटून इथवर जपून आणलेल्या. काकांच्या खिशात रेडबडची पानं. विमानात झाडाची पानं नेता येतील की नाही अशी शंका आल्यामुळे त्यांनी ती दुकानात जाऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतली होती, ओळखपत्रासारखी. तिथल्या गल्ल्या इतक्या जवळजवळ आहेत की एका रस्त्याच्या एका टोकाला जर्मनी आणि दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंड. आणि तिथे, अखेर, खरीखुरी चौकी होती. आडवा दांडा होता, गणवेशातला माणूस होता. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी वरची गुंडी चाचपली, फेट्याला हात लावला आणि पासपोर्ट पुढे केले.

जर्मन अधिकारी तरुण होता, हसतमुख. काकांचा पासपोर्ट त्याने नुसता उघडून परत दिला, आमचे पाहिले, आणि काकूंच्या पासपोर्टापाशी थांबला. एक पान उलटलं, पुन्हा मागे आला. मग इंग्रजीत त्याने अगदी सौम्यपणे समजावून सांगितलं. बाईंना स्वित्झर्लंडमध्ये जाता येईल, तिकडचा व्हिसा आहे. पण इकडचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे आणि तो प्रवेश फ्रँकफर्टला झालेला आहे. त्या आज बाहेर पडल्या तर संध्याकाळी मी त्यांना परत आत घेऊ शकणार नाही. आणि आमचं परतीचं विमान तर फ्रँकफर्टहून होतं.

आमच्या दोघांच्या व्हिशांवर अनेक प्रवेश होते, कारण माझ्या बायकोने अर्ज भरताना परत कसं यायचं हा विचार केला होता. काकांनी केला नव्हता. स्विस व्हिसा आठवणीने काढणारा, पावलापावलाचा अभ्यास करणारा हा माणूस सगळ्या वेशी एकाच दिशेने ओलांडत गेला होता. ते त्यांना आता कळलं. खिशातलं पान नुसतं हाताने दाबत राहिले. माझी बायको म्हणाली, काकूंजवळ मी थांबते, तुम्ही दोघं जाऊन या. अधिकाऱ्यानेही तेच सुचवलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही जा. माझा नमस्कार सांगा. मी इथं बसते, मला काय झालंय?" काकांनी मान हलवली. "तुला पसंत केली त्यानं. तुला दारात सोडून त्याच्या घरी जाऊ होय?" असं म्हणून त्यांनी माझा फोन मागितला.

इतक्या वर्षांनी झालेलं ते बोलणं मला अर्धंच ऐकू आलं, पण ते फार मोठं नव्हतंच. काका म्हणाले, दादा, मी वेशीवर आहे. मग थोडं ऐकून म्हणाले, हिला येता येत नाही, माझी चूक झाली. मग "बरं" म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. दादा काय म्हणाले, असं काकूंनी विचारलं. थांब म्हणाले. येतो म्हणाले का? तसं म्हणाले नाहीत, नुसतं थांब म्हणाले. आम्ही चौकीच्या कडेला थांबलो. ऊन होतं पण वारा बोचत होता. त्या तरुण अधिकाऱ्याने काकूंना आतून एक खुर्ची आणून दिली. येणारे-जाणारे फेट्याकडे बघत होते, आणि काका कधी नव्हे ते कुणालाही सोनं देत नव्हते.

मग पलीकडून एक छोटी निळी गाडी आली. एक उंच गोऱ्या बाई उतरल्या, दुसऱ्या बाजूचं दार त्यांनी उघडलं आणि आतून आधी काठी, मग एक बूट, आणि मग हळूहळू दादा बाहेर आले. काकांचंच नाक, काकांचीच भुवई, फक्त सगळं थोडं डाव्या बाजूला कललेलं. दोन चौक्यांच्या मधे रस्त्यावर एक पुसट पांढरा पट्टा होता. दादा त्या पट्ट्यापर्यंत आले आणि पलीकडे उभे राहिले. काका अलीकडे. काकांना पलीकडे जायला कुणाची आडकाठी नव्हती, पण बाजूला काकू उभ्या होत्या आणि काका त्यांच्यापासून पाऊलभरही हलायला तयार नव्हते.

"धाकट्यानं यायचं असतंय," दादा म्हणाले. जीभ थोडी जड होती पण बोली अजून कागलचीच होती.

"आलोय की," काका म्हणाले. "एवढंच राहिलंय."

दोघंही तसेच उभे. मला वाटलं ही दोन माणसं आता संध्याकाळपर्यंत अशीच उभी राहणार. दोन्हीकडचे अधिकारी आपापल्या चौकीतून बाहेर येऊन बघत होते. अखेर काकू म्हणाल्या की वाऱ्यानं कडाकण्या मऊ पडतील, काय ते लवकर करा. तसे काका त्या पट्ट्याच्या अगदी काठावर गेले, खिशातून ते प्लॅस्टिकमधलं पान काढून दादांच्या हातावर ठेवलं आणि वाकले. त्यांचे पाय जर्मनीत होते आणि डोकं स्वित्झर्लंडमध्ये, दादांच्या बुटांवर. फेटा सुटून पलीकडे घरंगळला. काका उठले नाहीत. "चुकलं माझं," ते खालूनच म्हणाले, "तसं बोलायला नको होतं." दादांनी काठी बायकोकडे दिली, तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि मोकळा हात काकांच्या टकलावर ठेवला. "काय बोलला होतास?" त्यांनी विचारलं. "मला आता आठवत न्हाई." ते खरंच आठवत नव्हतं की आठवून विसरले होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. काकांना उठवत नव्हतं, कारण ते रडत होते, आणि मीही दुसरीकडे बघत होतो.

मग दादांनी धाकट्याचा दंड धरला आणि आधी उजवा पाय, मग ओढत डावा, असा तो पट्टा ओलांडला. त्यांच्यापाशी स्विस पासपोर्ट होता, त्यांना कुणी काही विचारलं नाही. ते थेट काकूंपाशी गेले. "कुसुम, जाड झालीस," म्हणाले. काकूंनी पदर घेऊन नमस्कार केला आणि डबा उघडला. कडाकण्या कडकच होत्या.

तो सगळा दिवस आम्ही कॉन्स्टान्झमध्ये सरोवराकाठच्या एका कॅफेत काढला. दादांच्या बायकोला मराठीत "बस", "खा" आणि "पुरे" एवढं येत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं आणि काकूंचं उत्तम चाललं. दोघे भाऊ गावातल्या एकेका माणसाचं नाव काढून तो गेला की आहे हे ठरवत बसले होते. माझ्या बायकोने त्यांचा फोटो काढला तर दोघांनीही एकदम वरची गुंडी लावली. चारच्या सुमाराला दादा थकले. त्यांना परत सोडायला आम्ही सगळे पुन्हा त्या पट्ट्याशी गेलो. पुढच्या दसऱ्याला तुमच्या घरी येतो, हिचा व्हिसा नीट काढून, असं काका म्हणाले. दादा हसले. पुढच्या दसऱ्याला दादा असणार नाहीत, हे तेव्हा आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. कदाचित त्यांना असेल.

दादा बायकोचा हात धरून पलीकडच्या रस्त्याने गाडीकडे निघाले. ते फार सावकाश चालत होते आणि वारा वाढला होता. काकू दोनदा चला म्हणाल्या. काका म्हणाले, थांब, दादा वळून बघेल. पण झटक्यानंतर दादांची मान वळत नव्हती, हे दिवसभर बाजूला बसून काकांनी पाहिलं होतं. गाडीपाशी पोचल्यावर दादांनी पाठमोऱ्यानेच काठी वर केली आणि तशीच थोडा वेळ धरून ठेवली. काकांनीही हात वर केला. निळी गाडी वळणाआड गेली तरी त्यांनी तो खाली घेतला नाही, आणि आम्हीही त्यांना घाई केली नाही.